जादूगाराचा शेवटचा चित्रपट

‘पिंजरा’ मी पहिल्यांदा पाहिला तो १९७२ साली, आमच्या तालुक्याच्या गावच्या टॉकीजमध्ये, आई आणि वडिलांच्या मधल्या खुर्चीवर बसून. तेव्हा मी तेरा वर्षांचा होतो. वडील शाळामास्तर. पडद्यावरचे डॉ. श्रीराम लागूंचे ताठ कण्याचे गुरुजी तमाशाच्या फडात ओढले जातात आणि अखेर तिथेच चाकरी करत राहतात, हे बघताना वडील एक शब्द बोलले नाहीत. घरी चालत येतानाही नाही. कसा वाटला, असं आईने विचारलं, तर उद्या लवकर उठायचंय एवढंच सांगून त्यांनी विषय संपवला.

पुढे बँकेच्या नोकरीत मुंबईला बदली झाली. तिथल्या एका फिल्म सोसायटीत ज्या जर्मन चित्रपटाच्या कथेवरून शांतारामबापूंनी ‘पिंजरा’ची कल्पना घेतली, तो १९३० सालचा ‘द ब्लू एंजल’ बघायला मिळाला. त्यात आपल्या गुरुजींच्या जागी एमिल यानिंग्ज हा नट आहे आणि संध्याबाईंच्या जागी मार्लेन डिट्रिच. शेवटाकडे एक भयंकर प्रसंग आहे. एकेकाळचा मानी प्राध्यापक आपल्याच गावात विदूषक म्हणून रंगमंचावर उभा आहे, आणि त्या नाटकमंडळीचा मालक, एक अवाढव्य अंगाचा, मिस्किल डोळ्यांचा जादूगार, त्याच्या डोक्यावर अंडी फोडतो आणि त्याला कोंबड्यासारखं आरवायला लावतो. यानिंग्जचं दुःख बघून मला वडील आठवले. त्या जादूगाराचं नाव श्रेयनामावलीत वाचायचं मात्र सुचलं नाही.

मधल्या काळात, १९७८ साली, पुण्यात मित्रांबरोबर पु. लं.चं ‘तीन पैशाचा तमाशा’ पाहिलं होतं. जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, नंदू भेंडेचा आवाज. आमच्या पिढीला त्या नाटकाने वेड लावलं होतं. त्याचं मूळ बेर्टोल्ट ब्रेख्त आणि संगीतकार कुर्ट वाइल यांचं ‘थ्री पेनी ऑपेरा’ हे आम्हाला ठाऊक होतं, कारण ते ठाऊक असणं त्या दिवसांत कॉलेजात प्रतिष्ठेचं होतं. बर्लिनच्या रंगमंचावर ३१ ऑगस्ट १९२८ रोजी या नाटकाचा पहिला प्रयोग झाला. सुरुवातीला रस्त्यावरचा गायक येऊन चाकूवाल्या गुंडाची कहाणी गातो. अगदी शेवटच्या क्षणी नाटकात घातलेलं ते गाणं पुढे जगभर गाजलं. ते पहिल्यांदा गाणारा नट आणि डोक्यावर अंडी फोडणारा जादूगार, हे दोघे एकच.

हे मला कळलं निवृत्तीनंतर. मुलाने एका संध्याकाळी लॅपटॉपवर ‘प्रिझनर ऑफ पॅराडाइज’ हा २००२ सालचा माहितीपट लावून दिला. त्या वर्षी सर्वोत्तम माहितीपटाच्या ऑस्करसाठी त्याचं नामांकन झालं होतं. पडद्यावर तो लठ्ठ माणूस दिसला आणि मी मुलाला चित्रपट थांबवायला लावला. त्याचं नाव कुर्ट गेरोन.

गेरोनचा जन्म बर्लिनमधला, ११ मे १८९७चा. घर मध्यमवर्गीय ज्यू व्यापाऱ्याचं, खरं आडनाव गेर्सोन. आपल्याकडच्या कुठल्याही मध्यमवर्गीय आईबापांसारखं त्यांनाही मुलाने डॉक्टर व्हावंसं वाटत असणार. त्याने वैद्यकीय शिक्षण सुरूही केलं होतं. पण मधेच पहिलं महायुद्ध आलं. जर्मनीचा सैनिक म्हणून तो लढला, गंभीर जखमी झाला. त्या जखमेनंतरच त्याचं शरीर फुगत गेलं, असं त्याच्या चरित्रात सांगतात. युद्धानंतर त्याने औषधांची पुस्तकं मिटली आणि नाटकांत, कॅबरेत शिरला. कॅबरे म्हणजे आपल्या हिंदी सिनेमातला नव्हे. आपल्या वगनाट्यातल्या बतावणीच्या जवळ जाणारा तो प्रकार: गाणी, टिंगल, राजकीय चिमटे, आणि समोर टेबलांवर बसलेला चोखंदळ प्रेक्षक.

इतक्या जाड माणसाला नायक कोण करणार? त्याला मिळाले ते सावकार, दलाल, गुंड, लंपट डॉक्टर, हॉटेलमालक. मूकपटांपासून पुढे डझनावारी चित्रपटांत तो आहे. लुइझ ब्रुक्सच्या ‘डायरी ऑफ अ लॉस्ट गर्ल’मध्ये आहे, ‘पेट्रोलपंपावरचे तिघे’ या तुफान चाललेल्या संगीतिकेत आहे. मग तो दिग्दर्शनाकडे वळला आणि ऊफा या जर्मनीतल्या सर्वांत मोठ्या चित्रसंस्थेसाठी हलकेफुलके, गाण्यांचे चित्रपट भराभर काढू लागला. वेळेवर काम पुरं करणारा, सेटवर सगळ्यांना हसवणारा, खर्च आटोक्यात ठेवणारा दिग्दर्शक. बँकेच्या भाषेत सांगायचं तर निर्मात्याला ज्याच्याविषयी कधी शेरा मारावा लागत नाही असा माणूस. ओल्गा नावाच्या स्त्रीशी त्याचं लग्न झालं होतं, मूल नव्हतं.

‘द ब्लू एंजल’चा पहिला खेळ बर्लिनमध्ये झाला १ एप्रिल १९३० रोजी. बरोबर तीन वर्षांनी, १ एप्रिल १९३३ला, नव्याने सत्तेवर आलेल्या नाझींनी देशभर ज्यूंच्या दुकानांवर बहिष्कार पुकारला. ऊफाने आपल्याकडच्या ज्यूंना काढून टाकायचं दोन-तीन दिवस आधीच ठरवलं होतं. त्या दिवशी गेरोन एका विनोदी चित्रपटाचं चित्रण करत होता. भर सेटवर, दिवे लागलेले असताना, ज्यूंनी इथून निघून जावं असं सांगण्यात आलं. तो निघाला. ज्यांना त्याने कामं दिली होती ते बघत उभे राहिले.

एकाच चित्रपटातली तीन माणसं तीन दिशांना गेली. डिट्रिच तर पहिल्या खेळाच्या रात्रीच अमेरिकेला रवाना झाली होती. हिटलरच्या राजवटीला तिने साफ नकार दिला, १९३९ मध्ये अमेरिकन नागरिक झाली आणि पुढे दोस्तांच्या सैनिकांसमोर गात युद्धभर फिरली. यानिंग्ज नाझींचा लाडका राष्ट्रीय नट झाला. आणि गेरोन हातात सूटकेस घेऊन आधी पॅरिसला, मग व्हिएन्नाला आणि १९३५च्या सुमारास हॉलंडला पोचला. बरोबर बायको आणि म्हातारे आईवडील. हॉलंडमध्ये त्याने डच भाषेत चित्रपट काढले, त्यातला १९३६चा ‘मेरेन्चे खेइझन्स युख्त’ हा एका खेड्यातल्या मुलाच्या बालपणाचा चित्रपट तिथे चांगला चालला. डिस्नेच्या ‘स्नो व्हाइट’ची डच आवृत्ती झाली तेव्हा नटांकडून आवाज करून घेण्याचं कामही त्याच्याकडेच आलं.

इथे कुणालाही पडेल तो प्रश्न मलाही पडला: हा अमेरिकेला का गेला नाही? हॉलिवूडमध्ये त्याचे बर्लिनचे जुने सोबती होते, पीटर लोरेसारखे. त्यांनी बोलावलंही होतं म्हणतात. पाठवलेलं तिकीट त्याच्या मानाला साजेसं नव्हतं म्हणून तो गेला नाही, अशीही एक कथा सांगतात. मला ती पूर्ण पटत नाही, पण अगदी खोटीही वाटत नाही. आईवडील सत्तरीच्या आसपास, नवी भाषा, चाळिशीतला नट, आणि शेजारी हॉलंडसारखा देश, जो पहिल्या महायुद्धात तटस्थ राहून सुखरूप वाचला होता. अशा हिशेबात माणूस चुकतो. कर्जाच्या फायली चाळताना मी असे कितीतरी हिशेब पाहिलेत. ज्या दिवशी लिहिले गेले त्या दिवशी त्यात काही चूक नव्हती.

मे १९४०मध्ये जर्मन सैन्य हॉलंडमध्ये घुसलं. त्याच वर्षी बर्लिनमध्ये ‘द इटर्नल ज्यू’ नावाचा प्रचारपट निघाला. तो स्वतःला माहितीपट म्हणवून घेत होता. ज्यू किती घाणेरडे, किती कारस्थानी असतात हे त्यात दाखवलं होतं, आणि त्यासाठी गेरोनच्या जुन्या चित्रपटांतले तुकडे वापरले होते. नटाने केलेली खलभूमिका हाच त्याच्या जातीचा पुरावा! आपल्या निळू फुल्यांच्या पाटलाचे प्रसंग कापून कुणी ते एखाद्या समाजाच्या स्वभावाचा दाखला म्हणून दाखवले असते तर कसं वाटलं असतं, याची कल्पना करून बघावी.

अ‍ॅमस्टरडॅममधल्या एका मोठ्या नाट्यगृहाला जर्मनांनी ‘ज्यूंचं नाट्यगृह’ ठरवलं. कलाकार ज्यू, प्रेक्षक ज्यू. गेरोन तिथे काम करत होता. १९४२च्या उन्हाळ्यात त्याच नाट्यगृहातल्या खुर्च्या हलवून जर्मनांनी तिथे ज्यू कुटुंबं गोळा करायला सुरुवात केली; तिथून त्यांना वेस्टरबोर्कच्या छावणीत आणि पुढे पूर्वेला नेत. गेरोनच्या आईवडिलांना १९४३ साली पोलंडमधल्या सोबिबोरला पाठवून मारण्यात आलं. त्याच वर्षी तो आणि ओल्गा वेस्टरबोर्कमध्ये आले. त्या छावणीतून बहुतेक दर मंगळवारी एक आगगाडी सुटायची, आणि त्याच छावणीत बर्लिनचे नामवंत ज्यू कलावंत कमांडंटसमोर कॅबरेचे खेळही करायचे. खेळात कामाचा असेपर्यंत माणसाचं नाव गाडीच्या यादीबाहेर राहायचं. फेब्रुवारी १९४४मध्ये गेरोन पती-पत्नीही गाडीत चढले. त्यांची गाडी गेली ती टेरेझिनला.

टेरेझिन, जर्मन नाव टेरेझिनश्टाट, हे प्रागच्या उत्तरेला साठेक किलोमीटरवरचं तटबंदीचं गाव. अठराव्या शतकाच्या अखेरीस सम्राट दुसऱ्या योझेफने आपल्या आईच्या, मारिया टेरेझाच्या, नावाने वसवलेलं. सैनिक आणि गावकरी मिळून सातेक हजारांची ती वस्ती. नाझींनी १९४१च्या नोव्हेंबरपासून तिथे ज्यूंना कोंबायला सुरुवात केली आणि सप्टेंबर १९४२मध्ये त्या गावात सुमारे ५८ हजार माणसं होती. एकंदर एक लाख चाळीस हजारांच्या घरात माणसं तिथे आणली गेली. तेहतीस हजारांच्या आसपास तिथेच भुकेने, रोगाने मेली. सुमारे अठ्ठ्याऐंशी हजारांना तिथून पूर्वेला पाठवलं. वृद्ध, युद्धात पदकं मिळवलेले, नावाजलेले ज्यू इथे ठेवायचे आणि जगाला सांगायचं की पाहा, आम्ही त्यांना निवांत गाव दिलंय, ही त्यामागची योजना.

आणि त्या गावात एक बँक होती.

मी पस्तीस वर्षं बँकेत काढली, त्यामुळे इथे थोडा रेंगाळलो तर वाचकांनी सांभाळून घ्यावं. ‘ज्यू स्वयंशासनाची बँक’ असं तिचं नाव. १९४३च्या मे महिन्यात ती उघडली. तिच्या नोटा होत्या, एकपासून शंभर क्राउनपर्यंत सात प्रकारच्या. वर दहा आज्ञांच्या शिळा धरलेल्या मोझेसचं चित्र. चित्र काढणारा पेटर कीन हा कैदी तरुण कवी आणि चित्रकार. बँकेचा प्रमुख देझिडेर फ्रीडमान, व्हिएन्नाच्या ज्यू समाजाचा पूर्वीचा अध्यक्ष. लोकांच्या नावावर पगार जमा व्हायचा, पासबुकं मिळायची, खातेवह्या लिहिल्या जायच्या, आणि मला खात्री आहे की त्या पै-पैशाने जुळायच्याही. त्या पैशाने विकत घेण्यासारखं फारसं काही नव्हतं. दुकानात असायचे ते कैद्यांच्याच सामानातून काढून घेतलेले कपडे. तिथल्या काउंटरमागे बसून जमा-नावे लिहिणारा माणूस संध्याकाळी ताळा जुळल्यावर काय म्हणत असेल, यावर मी बऱ्याच रात्री विचार केला आहे. माझी समजूत अशी की त्याला बरं वाटत असणार. ताळा जुळला की बरं वाटतंच.

१९४३च्या अखेरीस काही शे डॅनिश ज्यू टेरेझिनला आणले गेले होते आणि डेन्मार्कचं सरकार त्यांची विचारपूस सोडत नव्हतं. शेवटी आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसला गाव दाखवायचं ठरलं. मग रंगरंगोटी सुरू झाली. घरं रंगवली, बागा लावल्या, चौकात बँडस्टँड उभारला, दुकानांना पाट्या लावल्या. गाव गजबजलेलं दिसू नये म्हणून मे १९४४मध्ये साडेसात हजार माणसं ऑशविट्झला धाडली. २३ जून १९४४ रोजी मॉरिस रोसेल हा स्विस प्रतिनिधी आणि दोघे डॅनिश अधिकारी आले, ठरवून दिलेल्या रस्त्यांवरून काही तास फिरले, बँकही पाहिली, मुलांची ‘ब्रुंडिबार’ ही संगीतिका ऐकली आणि गेले. रोसेलने अनुकूल अहवाल दिला. १९७९मध्ये क्लोद लान्झमान या फ्रेंच माहितीपटकाराने त्याला गाठून कॅमेऱ्यासमोर बसवलं, तेव्हाही त्याला आपल्या अहवालात बदलण्यासारखं काही वाटत नव्हतं. जे दाखवलं ते पाहिलं. असे इन्स्पेक्टर मला नवे नाहीत.

पाहणी पार पडली. आता एवढी रंगवलेली गोष्ट वाया का घालवा? प्रागच्या एसएस कचेरीतल्या हान्स ग्युंथरने या गावाचा माहितीपट काढायचं ठरवलं. तटस्थ देशांना आणि रेडक्रॉसला दाखवायला. दिग्दर्शक गावातच होता. गेरोनने तिथे ‘कारुसेल’ नावाचा कॅबरे सुरू केला होता, त्याच गावच्या जाझ वादकांच्या साथीने. चाकूवाल्याचं ते गाणं तो तिथेही गात होता, अर्धपोटी माणसांसमोर. जुलैमध्ये त्याला चित्रपट करायचा हुकूम झाला. नकाराचा अर्थ काय, हे सांगायला कुणाची गरज नव्हती.

त्याने पटकथा लिहिली. १६ ऑगस्ट ते ११ सप्टेंबर १९४४ असं चित्रण चाललं. कॅमेरे आणि तंत्रज्ञ प्रागच्या आक्तुआलिता या वृत्तपट कंपनीचे, तिचा मालक कारेल पेचेनी. कॅमेऱ्यामागे इव्हान फ्रिच. बाजूला एसएसचा पहारा. यो स्पीर हा प्रसिद्ध डच चित्रकार कैदी होता, तो चित्रणाच्या जागी बसून एकेका दृश्याची रेखाटनं करत गेला. गेरोनची टिपणं आणि स्पीरची ती रेखाटनं उरली, म्हणूनच चित्रपटाचा क्रम आज इतिहासकारांना जुळवता आला.

काय काय होतं त्यात? बराकीच्या चौकात फुटबॉलचा सामना, चारी बाजूंच्या कमानींतून ओरडणारे हजारो प्रेक्षक. नदीत पोहणाऱ्या मुली. एरवी त्या नदीवर कैद्यांना जाता येत नसे. ग्रंथालय, व्याख्यान, लोहारकाम, भाजीचे वाफे, विणकाम करणाऱ्या बाया. कारेल आन्चेर्ल वाद्यवृंद चालवतोय आणि पावेल हासची रचना संपल्यावर हास स्वतः उठून अभिवादन करतोय. एक कुटुंब स्वच्छ टेबलाभोवती रात्रीचं जेवण घेतंय, आजी-आजोबा, आईबाप, मुलं. पटकथेत बँक आणि पोस्टही होतं. माणसं निवडताना ती नाझींच्या डोक्यातल्या ज्यूसारखी दिसतात ना, हे बघितलं जाई. सोनेरी केसांची नकोत. लोक या चित्रणाला यायला टाळाटाळ करत. गेरोन त्यांची मनधरणी करी, चेष्टामस्करी करून हसवायला बघे, आणि नाही जमलं तर हुकमाचा धाक होताच.

वाचलेल्यांनी पुढे त्याच्याबद्दल जे सांगितलं त्यात एकवाक्यता नाही. काहींना तो जर्मनांचा हस्तक वाटला. काहींना वाटलं, दोन-तीन आठवडे त्याने लोकांना कामात गुंतवलं, त्या काळात गाड्या सुटल्या नाहीत. तो पुन्हा दिग्दर्शक झाल्याच्या आनंदात सगळं विसरला होता, असंही काहीजण म्हणतात, आणि माझं मन या तिसऱ्या मताशी अडखळतं. पटकथा नीट बांधलेली आहे. एका दृश्याला दुसरं जोडणारे दुवे विचारपूर्वक ठेवलेत: लोहारापासून बागेकडे, कामावरून सुटणाऱ्या माणसांबरोबर फुटबॉलच्या मैदानाकडे. हे जीव वाचवण्यापुरतं काम नव्हे. ज्याला दुसरं काही येत नाही आणि हे मात्र उत्तम येतं अशा माणसाचं ते काम आहे.

इथे मला माझी एक गोष्ट सांगायला हवी. सांगताना संकोच वाटतो, कारण दोन्हीची तुलना होऊ शकत नाही. माझ्या पोटापलीकडे माझं काही पणाला नव्हतं. मी एका शाखेचा मॅनेजर असताना ३१ मार्चला ठेवींचं उद्दिष्ट गाठायला दीड-दोन कोटी कमी पडत होते. वरून फोन आला. काय करायचं ते फोनवर सांगत नाहीत. त्या रात्री आम्ही दोन-तीन मोठ्या कर्जदारांच्या कॅश क्रेडिट खात्यांतून रक्कम उचलून त्यांच्याच नावे ठेवी केल्या, आणि एप्रिलच्या दुसऱ्या दिवशी उलट नोंदी टाकल्या. याला विंडो ड्रेसिंग म्हणतात. नोंदींच्या तारखा, व्याज, व्हाउचरं, सगळं मी इतकं चोख बसवलं की ऑडिटरला बोट ठेवायला जागा राहिली नाही. पहाटे साडेतीनला ताळा जुळला. बरोबरच्या क्लार्कने चहा आणला. मला आठवतं, मला अतिशय समाधान वाटलं होतं. खोटं बोलल्याचं काही वाटलं नाही, काम फत्ते झाल्याचं वाटलं. वर्षभराने बढतीही मिळाली. वडील तेव्हा हयात होते. त्यांना पेढे दिले, बाकी काही सांगितलं नाही.

गेरोनला मी दोष का देऊ शकत नाही, याचं उत्तर मला त्या पहाटेपाशी सापडतं. आणि त्याला पूर्ण मोकळंही का सोडू शकत नाही, याचंही.

चित्रण संपलं आणि त्याची गरजही संपली. संकलनाच्या टेबलापाशी त्याला कुणी बोलावलं नाही. आपण काढलेलं काही त्याने पडद्यावर पाहिलं नाही. २७ सप्टेंबरला ज्यूंच्या मंडळाचा प्रमुख पाउल एपश्टाइन, जो चित्रपटात भाषण करताना दिसतो, त्याला गोळी घातली गेली. दुसऱ्या दिवसापासून गाड्या सुरू झाल्या. २८ सप्टेंबर ते २८ ऑक्टोबर या एका महिन्यात अकरा गाड्यांतून अठरा हजारांहून अधिक माणसं ऑशविट्झला गेली. चित्रपटात दिसणारी बहुतेक त्यात होती. संगीतिकेतली बहुतेक मुलं. तिचा संगीतकार हान्स क्रासा. अभिवादन करणारा पावेल हास. नोटांचं चित्र काढणारा पेटर कीन. बँकेचा फ्रीडमान. आन्चेर्लची बायको आणि तान्हा मुलगा तिथे मारले गेले. तो स्वतः वाचला आणि पुढे चेक फिलहार्मोनिकचा मोठा संचालक झाला. स्पीर वाचला. ‘कारुसेल’मधले काही वादक वाचले, त्यातला गिटारवाला कोको शूमान तर २०१८पर्यंत होता.

शेवटच्या गाडीत, २८ ऑक्टोबरला, कुर्ट आणि ओल्गा गेरोन होते. ऑशविट्झला पोचल्यावर त्यांना थेट गॅस चेंबरमध्ये नेण्यात आलं. त्यानंतर काहीच दिवसांत तिथला गॅस बंद करण्याचा हुकूम निघाला. टेरेझिनहून त्यानंतर ऑशविट्झला गाडी गेलीच नाही.

चित्रपट पेचेनी-फ्रिच यांनी पुरा केला तो मार्च १९४५च्या अखेरीस. पार्श्वसंगीत मुद्दाम ज्यू संगीतकारांचं: मेंडेल्सझोन, ओफेनबाख. वसंतात काही एसएस अधिकाऱ्यांना आणि रेडक्रॉसच्या पाहुण्यांना तो दोन-चारदा दाखवला गेला आणि मे महिन्यात जर्मनी शरण आली. ज्या जगाला फसवायला तो काढला त्याने तो पाहिलाच नाही. दीड तासाच्या आसपासच्या त्या चित्रपटातली वीस-पंचवीस मिनिटंच आज शिल्लक आहेत, तुकड्यातुकड्यांनी. ‘फ्यूररने ज्यूंना गाव भेट दिलं’ हे त्याचं प्रसिद्ध नाव युद्धानंतरचं, उपरोधाचं. मूळ नाव साधं, सरकारी होतं, आणि त्यात ‘माहितीपट’ हा शब्द होता.

गंमत म्हणावी की काय, युद्धाबद्दलच्या खऱ्या माहितीपटांत आज हेच खोटे तुकडे पुन्हा पुन्हा येतात. टेरेझिनमधली माणसं चालताबोलताना दिसतात ती बहुतांशी इथेच. वाचलेल्यांनी आणि नातलगांनी ही दृश्यं थांबवून थांबवून चेहरे ओळखले आहेत. झेबाल्ड या जर्मन लेखकाच्या ‘आउस्टरलित्झ’ या २००१ सालच्या कादंबरीचा नायक या फिल्मची संथ गतीची प्रत करून घेतो आणि तिच्यात आपल्या आईला शोधतो. कादंबरीकार म्हणून मला त्या कल्पनेचा हेवा वाटला होता. आता ते तुकडे पाहिल्यावर कळतं की ती कल्पना नव्हे.

माहितीपट संपल्यावर मुलगा झोपायला गेला. मी लॅपटॉप बंद करायच्या ऐवजी ती दृश्यं पुन्हा लावली. एका ठिकाणी लांब बाकांवर मुलं बसली आहेत आणि लोणी लावलेले पाव खातायत. गेरोनने ती खाताना टिपून घेतली आहेत. पाव खरा आहे, लोणीही खरं आहे. ती भराभर खातायत. मी पुन्हा मागे नेलं आणि पुन्हा बघितलं.